मास्तर, उतरा खाली!

भाचा लर्निंग लायसन्सची परीक्षा देणार होता. हल्ली ती घरबसल्या देता येते, त्यामुळे तयारीही आमच्या सोफ्यावर आडवं पडूनच चालली होती. मध्येच तो उठून बसला. "मावशी, हे बघ. पहारेकरी नसलेलं रेल्वे फाटक आलं तर काय कराल? उत्तर म्हणे, गाडी डाव्या बाजूला थांबवायची, खाली उतरायचं, रुळापर्यंत चालत जायचं आणि रेल्वे येत नाही ना ते बघायचं. कोण करतं असं?"

खिडकीशी पेपर वाचत बसलेले अण्णा मान वर न करता म्हणाले, "मी करायचो. अकरा वर्षं."

अण्णा एसटीत कंडक्टर होते. पुण्यात बदली होण्याआधी ते बार्शीच्या बाजूला नोकरीला होते. तिथे बार्शी लाइटची छोटी गाडी होती, अडीच फूट अंतराच्या रुळांवरून धावणारी. रस्ता रुळाला छेदायचा तिथे बऱ्याच ठिकाणी ना फाटक ना माणूस. ड्रायव्हर बस थांबवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, उतरा खाली!" (एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात, शाळेशी काही संबंध नसला तरी.) अण्णा तिकिटाची पेटी काखेत धरून उतरायचे, रुळाच्या मधोमध उभे राहायचे, उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, पुन्हा उजवीकडे. मग हात हलवून बस पुढे घ्यायचे. बस पलीकडे गेली की धावत जाऊन चढायचे आणि टण्-टण्, डबल बेल. पावसाळ्यात चपला चिखलात रुतायच्या. आतले प्रवासी कुरकुरायचे, "छोट्या गाडीला काय एवढं भ्यायचं, पळत जाऊन पकडता येते ती." अण्णांचं त्यावर उत्तर ठरलेलं होतं, "पकडायची असंल तर पकडा. अंगावर घ्यायची का?"

भाच्याला ही सगळी अण्णांची गंमत वाटली. म्हणून मी मोटार वाहन कायदा उघडला. १९८८ चा कायदा, कलम १३१. त्यात अण्णाच आहेत! राखणदार नसलेल्या फाटकाशी प्रत्येक चालकाने गाडी थांबवायची. मग कंडक्टर, क्लीनर, मदतनीस किंवा गाडीतलं दुसरं कुणी चालत रुळापर्यंत जाईल, दोन्ही बाजूंनी रेल्वे किंवा ट्रॉली येत नाही याची खात्री करेल आणि गाडीला वाट दाखवत पलीकडे नेईल. गाडीत दुसरं कुणीच नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचं. कायद्यात 'ट्रॉली' हा शब्द मुद्दाम आहे, हे मला फार आवडलं. रुळांची तपासणी करणारी माणसं ज्या ढकलगाडीवरून जातात, तिच्यासाठीसुद्धा तुमची मोटार थांबली पाहिजे.

रेल्वेचा १९८९ चा कायदा याहून कडक आहे. त्याच्या १६१ व्या कलमात अशा फाटकावर निष्काळजीपणे गाडी घातली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. निष्काळजीपणा म्हणजे काय, तेही तिथेच लिहून ठेवलंय: गाडी येतेय का हे बघायला न थांबणं, किंवा येताना दिसत असूनही ओलांडणं. म्हणजे टक्कर व्हायलाच पाहिजे असं नाही. न थांबणं हाच गुन्हा.

"पण मावशी, आता अशी फाटकं आहेत कुठे?" भाचा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची सगळी फाटकं ३१ जानेवारी २०१९ पर्यंत काढून टाकली. कुठे पूल झाला, कुठे भुयारी रस्ता, कुठे माणूस बसवला. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, उत्तर प्रदेशात कुशीनगरला अशाच फाटकावर शाळेची व्हॅन रेल्वेखाली आली आणि तेरा मुलं गेली. त्यानंतर हे काम झपाट्याने झालं.

मग हा प्रश्न अजून परीक्षेत कशाला? खरं तर याचं उत्तर माझ्यापाशी बारा वर्षं होतं आणि मी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगून टाकलं.

२०१३ साल. आम्ही तेव्हा पुण्यात ससाणेनगरला राहायचो. घर आणि ऑफिस यांच्या मध्ये मिरज लाइनचं फाटक. सकाळी नऊला ते पडलं की दोन्हीकडे रिक्षा, टेम्पो, पीएमपी, शाळेच्या व्हॅन आणि आमच्यासारख्या दुचाकीवाल्यांचा थवा. त्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं. माझ्या पुढचे दोघे बाइक तिरकी करून दांड्याखालून गेले, मग मीही ॲक्टिव्हा तिरकी केली. पुढचं चाक आत गेलं आणि हँडलला लावलेली डब्याची पिशवी दांड्याच्या टोकात अडकली. ओढू की सोडू, काही सुचेना. तेवढ्यात वळणावरून मालगाडीचं इंजिन दिसलं. हॉर्न तर केव्हापासून वाजत होता, तो मला आत्ता ऐकू आला.

गेटमन लाल झेंडी घेऊन धावत आला. मागून कुणीतरी गाडी खेचली, पिशवी फाटली, डबा रुळाच्या खडीवर. मालगाडी माझ्यापासून सात-आठ फुटांवरून गेली, एकेक डबा मोजता आला असता इतकी हळू वाटली. ती हळू नसते. समोरून येणारी रेल्वे आपल्याला जागच्या जागी मोठी होताना दिसते, म्हणून तिचा वेग कळत नाही.

गेटमन ओरडला नाही, हेच जास्त लागलं. गेलेल्या गाडीच्या दिशेने हात लांब करून तो एवढंच म्हणाला, "बाई, त्याने ब्रेक मारला असताच. पण गाडी थांबली असती पार तिकडे."

हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे फाटक असून बिनफाटकाचं केलंस की गं."

बिनमाणसाची फाटकं कागदावर संपली. पण दांड्याखालून वाकणारा प्रत्येक जण स्वतःपुरतं एक नवं तयार करतो, आणि तेही कलम १३१ मधलं उतरणं-बघणं गाळून. कायद्याने हे रुळावरचं अतिक्रमण आहेच. बंद फाटक परस्पर उघडलं तर रेल्वे कायद्याच्या १६० व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मोडलं तर पाच. 'घाईत टेम्पोचा धक्का लागला' एवढ्यावर ते सुटत नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या गेटमनकडूनच कळली. नंतर मी दोन-चारदा थांबून त्याच्याशी बोलले (थोडी लाजेपोटी, थोडी उत्सुकतेपोटी). आपल्याला वाटतं हा उगाच आधी फाटक पाडून बसतो. तर तसं नाही. स्टेशनमास्तरचा फोन येतो, दोघांमध्ये प्रायव्हेट नंबरची (म्हणजे खात्रीची खूण म्हणून द्यायच्या आकड्याची) देवाणघेवाण होते, फाटक बंद होऊन कुलूपबंद झालं की मगच गाडीचा सिग्नल देता येतो. दांडा खाली येत असताना एकेक करून चाळीस जण घुसले, तर तो दांडा खाली येतच नाही. सिग्नल लाल राहतो, गाडी अलीकडे खोळंबते, आणि मग सगळेच जास्त वेळ थांबतात. म्हणजे फाटकाला शिव्या घालत घुसणारा माणूसच मागच्यांचा वेळ खात असतो. हे कळल्यापासून माझ्या मागचा हॉर्न वाजवायला लागला तरी मी सरकत नाही. शिव्या खाते. घालू दे.

भाच्याला लर्निंग मिळालं. तो प्रश्न आलाच नाही, म्हणून थोडा नाराजही झाला.

परवा रविवारी जेजुरीच्या बाजूला लग्न होतं. गाडी तोच चालवत होता, पुढेमागे लाल 'एल' लावून. मी शेजारी, हात हँडब्रेकवर. अण्णा मागे. आतल्या रस्त्याला मिरज लाइनवरचं एक फाटक लागलं, बंद. आमच्या उजवीकडून एक पिकअप सरळ समोरून येणाऱ्यांच्या अर्ध्या रस्त्यात जाऊन उभी राहिली, तिच्यामागे तीन-चार कार, ऊस भरलेला ट्रॅक्टर. पलीकडेही तेच. गाडी गेली, दांडा वर गेला आणि दोन्हीकडची मंडळी रुळाच्या मधोमध समोरासमोर येऊन ठप्प. भाच्याने गिअर टाकला होता.

"थांब," मी म्हटलं. "पलीकडे आपली गाडी मावेल एवढी जागा दिसेपर्यंत रुळावर चाक घालायचं नाही."

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. सत्त्याहत्तर वर्षांचे अण्णा, लग्नाचं कडक इस्त्रीचं धोतर एका हातात धरून, खाली उतरले. गेटमन एका बाजूने ओरडत होता, अण्णांनी दुसरी बाजू घेतली. पिकअपवाल्याला मागे घ्यायला लावलं, ट्रॅक्टरला कडेला. तो पिकअपवाला "ओ आजोबा, तुमचं काय मध्येच" म्हणाला, पण सरकला. वाट मोकळी झाली तसे अण्णा रुळापाशी उभे राहिले. उजवीकडे बघितलं, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. हात हलवून आम्हाला बोलावलं. गाडी पलीकडे गेली, ते चालत आले, दार लावून घेतलं आणि मुठीने पत्र्यावर दोनदा ठोकलं.

भाचा माझ्याकडे बघायला लागला.

"डबल बेल झाली," मी म्हटलं. "चल आता."