ती हरवलेलीच नाहीये

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळ खात बसलो होतो. भाचा त्याच्या वहीतली गोष्ट आजीला वाचून दाखवत होता. इतिहासात गायब झालेली माणसं एका दारातून दुसऱ्याच जगात पोचतात, तिथे राक्षसांशी लढाई. वैमानिक अमेलिया एअरहार्ट १९३७ मध्ये पॅसिफिकवरून थेट विमानासकट. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईतून. आणि पानिपतावरून, १४ जानेवारी १७६१, सदाशिवरावभाऊ.

प्रत्येकाचं एक पान. त्यात ‘सोबत काय आणलं’ असा रकाना. भाऊंपुढे लिहिलं होतं, ‘काही नाही. घाईत होते.’

मी हसले. आई नाही हसली.

‘‘आणि पार्वतीबाई रे?’’

‘‘कोण?’’

‘‘भाऊंची बायको. पानिपतावर बरोबर होती. परत आली. भाऊ गेले हे तिने कधी मानलंच नाही म्हणतात. कुंकूसुद्धा पुसलं नाही. पुढे भाऊ म्हणून तोतया आला, त्याचं वेगळंच रामायण.’’

पोराने पेन चावलं. बराच वेळ. मग म्हणाला, ‘‘पण आजी, ती हरवलेलीच नाहीये. तिला नाही घेता येणार. रूल आहे.’’

रूल त्यानेच केलेला, पण बरोबर होता. दार फक्त हरवलेल्यांसाठी. मागे राहिलेल्यांना कसला आलाय राक्षस नि कसली तलवार? रोज सकाळी उठून कुंकू लावायचं, लोकांच्या नजरा झेलायच्या.

घरी आल्यावर हळूच वही उघडून पाहिली. भाऊंच्या रकान्यात ‘काही नाही’वर काट मारली होती. पुढे अजून कोरंच आहे.

तुम्ही काय लिहिलं असतं?