आमची वाटचाल: सावंतवाडीचा लाकडी माल राज्याबाहेरच्या प्रदर्शनात नेताना

लाकडी फळं, ठकी (लाकडी बाहुली), रंगवलेले पाट हा आमचा माल. महाराष्ट्रात स्टॉल लावला तर आपलाच जीएसटी क्रमांक चालतो. पणजी जवळ असली तरी कराच्या दृष्टीने दुसरं राज्य, आणि खरा अभ्यास तिथेच लागतो.

उलाढाल लहान होती तोवर हस्तकलेची सवलत पुरली. देशभरातली एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर हाताने घडवलेला माल दुसऱ्या राज्यात विकायला नोंदणी लागत नाही. पॅन आणि ई-वे बिल (माल वाहून नेताना ऑनलाइन काढायचा कागद) मात्र हवंच. इथे पुष्कळ जण फसतात. एक म्हणजे 40 लाखांची मर्यादा राज्यातल्या विक्रीची, ती इथे लागू नाही. दुसरं, 50 हजारांखाली ई-वे बिल नको हा नियम या सवलतीत चालत नाही. दहा हजारांचा माल असला तरी ते काढायचं.

मर्यादा ओलांडल्यावर गोव्यात ‘कॅज्युअल’, म्हणजे थोड्या दिवसांपुरती जीएसटी नोंदणी घेतो. कायदा किमान 5 दिवस आधी अर्ज करा म्हणतो. आम्ही दोन आठवडे आधी करतो, कारण स्टॉल वाटपाच्या पत्रावरचं नाव पॅनशी अक्षरशः जुळलं नाही की शंका निघते. आयोजकांकडून पत्र व्यवसायाच्या पूर्ण नावाने मागून घ्यावं. जीएसटी पोर्टलवर तात्पुरता क्रमांक मिळतो, त्यावर अंदाजे कर आगाऊ भरायचा. नोंदणी जास्तीत जास्त 90 दिवसांची, तेवढीच मुदतवाढ मिळते. कंपोझिशन योजना (लहान व्यावसायिकांसाठीची, उलाढालीवर ठराविक दराने कर भरायची सोय) इथे चालत नाही.

आगाऊ रक्कम क्रेडिट (मालावर आधीच भरलेल्या कराची वजावट) वजा करून धरायची. समजा 3 लाखांचा माल सावंतवाडीहून गोव्याच्या क्रमांकावर पाठवला. त्यावर 5 टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) 15,000, हेच क्रेडिट. विक्रीचा अंदाज साडेचार लाख, त्यावर कर 22,500. म्हणजे भरायचे 7,500. पूर्ण 22,500 भरून भांडवल अडकवणारे पाहिले की वाईट वाटतं.

उरलेला माल परत आणतानाही गोव्याच्या क्रमांकावरून बिल लागतं. म्हणून नोंदणीची मुदत प्रदर्शन संपण्याच्या तारखेपर्यंत न मागता पुढे आठवडाभर ठेवावी. मुदत संपली की गाडीतल्या मालाला कागदच उरत नाही.

स्टॉलवर 200 रुपयांखालच्या विक्रीला गिऱ्हाईक मागत नसेल तर वेगळं बिल नको. रात्री दिवसभराचं एकत्र बिल करायचं. यूपीआयची बेरीज तेव्हाच ताडून घ्यावी.

खेळण्यांचं वेगळंच. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः घडवून स्वतः विकलेल्या खेळण्याला सूट आहे. ती कारागिराची, त्याच्याकडून घेऊन विकणाऱ्याची नव्हे. त्यामुळे आमच्या बिलावर फक्त पाट आणि शोभेची फळं असतात. ठकी कारागीर स्वतःच्या बिलावर, ओळखपत्र समोर ठेवून विकतात.

परतल्यावर जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) आणि 3बी (कराचा गोषवारा) ही विवरणपत्रं वेळेत भरावीत. सगळी विवरणपत्रं गेल्याखेरीज आगाऊ भरलेल्यातली शिल्लक परत मिळत नाही.