तुम्ही विचारलंत म्हणून : आशिया कपात आपला भारत कुठे होता?

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या लेले ग्राउंडवर संध्याकाळी पोरं खेळत असतात आणि आम्ही रिटायर्ड मंडळी कडेला बसलेली असतो. वर्ल्ड कप जवळ आला, गल्लीगल्लीत मेस्सी-रोनाल्डोचे फ्लेक्स लागले, की कुणीतरी विचारतंच, "सर, हे सगळं बरोबर हाय, खरं ह्यात आपला भारत कुठं हाय ओ?" मी शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे भारतीय फुटबॉलच्या सगळ्या पापांची वही माझ्याकडे असते अशी लोकांची समजूत आहे.

वर्ल्ड कपाचं उत्तर थोडक्यात आटपतं. १९५० साली ब्राझीलला जायची संधी चालून आली होती, आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, ही गोष्ट चहाबरोबर छान लागते. पण आपल्या फुटबॉल महासंघाने तेव्हा दिलेली कारणं वेगळी होती : संघनिवडीतले मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. त्यानंतर आजवर आपण तिथवर पोचलेलो नाही.

म्हणून मी विचारणाऱ्याला आशिया कपाकडे वळवतो. क्रिकेटच्या नव्हे, फुटबॉलच्या. तिथे आपण पाच वेळा खेळलो आणि १९६४ साली चक्क दुसरे आलो. हे ऐकलं की माणूस खूश होतो, आणि मग मलाच त्याची खुशी थोडी उतरवावी लागते.

ही स्पर्धा सुरू झाली सप्टेंबर १९५६ मध्ये, हाँगकाँगला. आमच्याकडे छप्पन साल म्हटलं की फुटबॉल कुणाला आठवत नाही. १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, तेवढंच आठवतं. तर हाँगकाँगला संघ होते चार : यजमान, इस्रायल, दक्षिण कोरिया आणि दक्षिण व्हिएतनाम. कप कोरियाने नेला. भारत त्यात नव्हता, आणि नेमका तेव्हाच आपला संघ ऐन भरात होता. १९५१ च्या दिल्ली एशियाडचं सुवर्णपदक गाठीला होतं. छप्पनच्याच अखेरीस मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक मारली, आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि चौथे आलो. पुढच्या खेपेला पात्रतेचे सामने आपल्याच घरी, कोचीला झाले, तरी पुढे गेलं इस्रायल. १९६० चा कपही कोरियाचाच.

त्या कोरियाची एक गंमत सांगायलाच हवी. १९६० च्या विजयानंतर खेळाडूंना जी सुवर्णपदकं मिळाली ती मुलाम्याची निघाली. वर्ख उडायला लागला तशी खेळाडूंनी ती परत करून टाकली. त्यानंतर कोरिया चार वेळा फायनलला गेला आणि चारही वेळा हरला. तिकडचे लोक त्याला पदकांचा शाप म्हणतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या संघटनेने जुन्या खेळाडूंच्या घरी खरी पदकं पोचवायला घेतली, तरी कप काही आलेला नाही. नारळ फोडून भागणारं प्रकरण असतं तर आमच्या गल्लीतल्या कुणीही उपाय सांगितला असता.

आता १९६४. यजमान इस्रायल. ज्यांचं त्यांच्याशी वैर होतं ते देश जाणारच नव्हते. आपल्या गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतली आणि भारत पात्रतेचा एकही सामना न खेळता आत गेला. आपलाही राजदूत तिथे १९९२ पर्यंत नव्हता, पण संघ मात्र गेला. तिथे पुन्हा चारच संघ, नुसती साखळी, फायनल नाही. इस्रायलने तिन्ही सामने जिंकले, आपण दोन. तेव्हा 'आशियात दुसरे' म्हणजे आलेल्या चौघांत दुसरे, हे मनाशी धरूनच मिशीला पीळ द्यावा.

पण हिशेब इथेच मिटवला तर त्या पोरांवर अन्याय होतो. पहिला सामना २७ मे रोजी, समोर कोरिया, दोन्ही वेळचा विजेता. अप्पलराजूने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, दुसऱ्या हाफमध्ये इंदरसिंगने आणखी एक, आणि आपण २-० असे जिंकलो. कप्तान चुनी गोस्वामी. त्याच दिवशी इकडे दिल्लीत पंडित नेहरू गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फुटबॉल शोधायला कोण बसणार? पुढे इस्रायलने आपल्याला २-० असं हरवलं आणि आपण हाँगकाँगला ३-१ असं. मला विचाराल तर त्या रौप्यपदकापेक्षा कोरियावरचा विजय मोठा. तो कुणाच्या माघारीमुळे मिळालेला नव्हता.

ज्याच्या घरी ही स्पर्धा झाली तो इस्रायल १९७४ मध्ये आशियाच्या संघटनेतून बाहेर काढला गेला, बरीच वर्षं भटकला आणि शेवटी युरोपात जाऊन बसला. उलट ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशनिया सोडून आशियात आला आणि २०१५ मध्ये कपही घेऊन मोकळा झाला. जमीन तसूभर हलली नाही, कागद मंजूर झाला. आमच्या भागातला माणूस हे ऐकून हमखास विचारतो, "सर, तो अर्ज कुठल्या ऑफिसात द्यायचा असतो?"

असो. इराणने १९६८ पासून सलग तीन कप घेतले, मग कुवेत, मग सौदी. आपण उगवलो एकदम १९८४ मध्ये, सिंगापूरला. इराणला ०-० रोखलं, बाकी तिन्ही सामने हरलो, एकही गोल केला नाही. आणि जपान? जपान या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पहिल्यांदा आला १९८८ मध्ये, म्हणजे आपल्या रौप्यानंतर २४ वर्षांनी! १९९२ मध्ये हिरोशिमात कप जिंकला, १९९३ मध्ये धंदेवाईक लीग सुरू केली, आणि आज सर्वाधिक म्हणजे चार कप त्यांच्याकडे आहेत. मी विचारणाऱ्याला एवढंच सांगतो की आपण खाली पडलो असं नाही. आपण होतो तिथेच उभे राहिलो आणि बाकीचे पुढे गेले. खेळाची आवड कमी पडली म्हणावं तर तेही खरं नाही. बेळगावच्या वर कोल्हापूर, तिथे पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ भिडले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. घाटाखाली गोवा, तिथे तर गावागणिक ग्राउंड.

सत्तावीस वर्षांनी, २०११ मध्ये, दोहाला पुन्हा गेलो. तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. २०१९ मध्ये मात्र अबुधाबीत थायलंडला ४-१ असं लोळवलं, सुनील छेत्रीचे दोन गोल. १९६४ नंतरचा या स्पर्धेतला आपला तो पहिला विजय. शेवटच्या सामन्यात बहारीनशी नुसती बरोबरी हवी होती आणि इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी दिली. आमच्या घरी टीव्हीसमोर तेव्हा जे शब्द निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये कतारला तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य.

आणि मग १४ ऑक्टोबर २०२५. २०२७ च्या कपासाठीची पात्रता, मडगावच्या फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध सामना. इतक्या जवळ आलाय म्हटल्यावर जायलाच हवं, म्हणून पोरांना घेऊन क्रूझर करून चोर्ला घाट उतरलो. स्टेडियमला नाव नेहरूंचंच आहे. छांगटेने लांबून सणसणीत गोल मारला तेव्हा पुढच्या रांगेतल्या गोवेकर काकांनी अनोळखी असून मला मिठी मारली. हाफ टाइमला मिनिटभर असताना सिंगापूरच्या साँगने बरोबरी केली, नंतर त्यानेच दुसरा घातला. १-२. कपाचा रस्ता तिथेच बंद झाला. परतीच्या वाटेवर खड्ड्यांत क्रूझर आपटत होती आणि पोरं मागे बसून पासिंगला शिव्या घालत होती. मला ते आवडलं. त्यांनी रेफ्रीला नाही, पासिंगला शिव्या घातल्या.

आता २०२७ चा कप सौदीत. चोवीस संघ, त्यात आपण नाही. "मग सर, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी जॉर्डनच्या. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा देश, मागच्या खेपेला फायनलला गेला आणि कतारकडून ३-१ असा हरला. कतारचे तिन्ही गोल अक्रम अफीफचे, तिन्ही पेनल्टीवर. फायनलमध्ये तीन पेनल्टी! त्यातली दुसरी मला अजून पटलेली नाही. कुणाला पटली असेल तर संध्याकाळी लेले ग्राउंडवर या, भांडू.