तीन वडापाव, दोन लाख रुपये

आज तलावपाळीवर चक्कर मारायची होती, पण अख्खी संध्याकाळ पायथॉनने (प्रोग्रामिंगची भाषा, साप नव्हे) खाल्ली. नौपाड्यात घरी बसून वडापावचं बिल काढणारी अकरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. भाव २०, नग ३. उत्तर? २०२०२०!

दोन तास गुणाकाराच्या ओळीकडेच संशयाने बघत होतो. ती बिचारी निर्दोष. शेवटी भावाचा टाइप प्रिंट करून पाहिला: स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे, नुसता मजकूर. इनपुटमधून येतं ते सगळं मजकूर म्हणूनच येतं. नगाला इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं, भावाला विसरलो. आणि मजकुराला ३ ने गुणलं की पायथॉन तो तीनदा चिकटवून मोकळं! (एरर तरी द्यायची ना राव.)

आई डोकावून म्हणाली, "दोन लाखांत चटणी तरी देतात का रे?"

आता ६० येतायत. भूक मात्र भयंकर लागलीये.