दोनापावलच्या खडकात डायनासोर नाही

आज भाच्याला घेऊन दोनापावलला गेलो. ओहोटी होती, म्हणून खाली खडकांवर उतरलो. पठ्ठ्या घरातली हातोडी घेऊन आलेला! (पिशवीतच ठेवायला लावली.) "मामा, ह्यात डायनासोर सापडेल?"

नाही रे बाबा. हा ग्रेवॅक, म्हणजे समुद्रतळाशी साचलेली वाळू नि चिखल, साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा होते ते नुसते सूक्ष्मजीव. शिंपल्यांसारखे डोळ्यांना दिसणारे जीवाश्म मुबलक मिळतात ते गेल्या ५४ कोटी वर्षांतल्या थरांत. डायनासोर तर कालपरवाचे, २३ कोटी!

पोरगा हिरमुसला. मग एका थरावर त्याचं बोट फिरवलं. एका कडेला खरखरीत, पुढे पुढे गुळगुळीत. गाळ बसताना जाड कण आधी तळाला जातात, बारीक मागाहून. म्हणजे पुढे थर कसाही कलला, अगदी उलटा झाला, तरी खरखरीत बाजू मूळची खालची.

हे त्याला भलतंच पटलं. अर्धा तास दिसेल त्या खडकाला हात लावत "हे वर, हे खाली" चाललं होतं. तेवढ्यात त्याची एक चप्पल समुद्रानं नेली. आता ताईला काय सांगू?