रेडिएटरचा काळा गाळ – अपडेट ३

मागच्या वेळी म्हटलं होतं ना की हॉलमधला रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरवून खोली तापवणारं पॅनेल) वरून चटका देतो आणि खाली मधोमध गारच, तर शेवटी रविवारी काढला भिंतीवरून. पाणी काढून टाकलंय म्हणजे हलका असेल असं वाटलं, उचलताना कंबर बोलायला लागली. बाहेर आडवा टाकला, पाइप लावला, रबरी हातोड्याने ठोकत बसलो आणि शाईसारखं काळं पाणी जे सुटलं ते संपेचना. बादलीत चुंबक फिरवला तर त्याचा केसाळ सुरवंट झाला. म्हणजे मॅग्नेटाइट, रेडिएटरच्या आतलंच लोखंड गंजून आलेलं.

पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं मी गेल्या सीझनलाही केलं होतं, इनहिबिटरपण (पाण्यात घालायचं गंजरोधक रसायन) टाकलं होतं, मग परत गाळ कसा? तर सिस्टिममधल्या पाण्याचं प्रेशर दर आठवड्याला १.३ बारवरून ०.७ वर यायचं आणि मी शहाणा नळ उघडून भरत राहायचो. दर वेळी ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, वर इनहिबिटर पातळ होतं ते वेगळंच. गळती शोधून शोधून थकलो, एक थेंब सापडेना. मग एक्सपान्शन व्हेसलच्या (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणारी टाकी, आत रबरी पडद्यापलीकडे हवा) व्हॉल्व्हची पिन दाबली, हवेऐवजी पाणी आलं! आतला रबरी पडदा फाटलेला. पाणी तापलं की फुगायला जागाच नाही, प्रेशर ३ बारला जातं, सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेरच्या पाइपातून थोडं पाणी सोडतो, आणि तिकडे बघतंय कोण.

व्हेसल बॉयलरच्या आत असल्याने ते काम मेकॅनिककडून करून घेतलं, तिथे हात घालायची माझी हिंमत नाही. रिटर्न लाइनवर (रेडिएटरकडून पाणी परत आणणाऱ्या पाइपवर) बॉयलरच्या आधी मॅग्नेटिक फिल्टर मी बसवला. पहिल्या आठवड्यात चमचाभर चिखल, तिसऱ्या आठवड्यात नुसता थर. इनहिबिटर नव्याने भरलं. (बॉयलरमधला पाणी तापवणारा भाग, हीट एक्स्चेंजर, अल्युमिनियमचा असेल तर त्याला चालणारंच घ्या, पाण्याचा पीएच जास्त झाला तर ते अल्युमिनियम खातं.) शिवाय दोन बरण्यांत एकेक खिळा टाकलाय, एकीत सिस्टिमचं पाणी, दुसरीत नळाचं. नळवाला चार दिवसांत तांबूस, दुसरा अजून चकचकीत.

प्रेशर तीन आठवडे १.३ वरून हललेलं नाही. वरच्या खोलीतला रेडिएटर मात्र अजून फुसफुसतो, तो गॅस गंज चढतानाचा हायड्रोजनही असू शकतो म्हणून ब्लीड करताना (अडकलेला गॅस सोडताना) काडी-लायटर लांब ठेवतोय. पुढच्या रविवारी तोच उतरवणार.