पोटरीतली फडफड

आधी डावी पोटरी. कातडीखाली काहीतरी बारीक उडायचं. दुखायचं नाही, पण थांबायचंही नाही. मग पापणी. मग उजव्या हाताची करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधीर. एका दुपारी तर ओठांभोवतीही मुंग्या आल्या. वय सव्वीस. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं, "झोप नीट घे." झोपच तर लागत नव्हती.

भीती कशाची होती ते नाव घेऊन लिहिते, कारण तेव्हा ती नावं मला तोंडातून काढवत नव्हती. एएलएस, म्हणजे स्नायूंची ताकद हळूहळू घालवणारा नसांचा आजार, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार. "तू तरुण आहेस, तुला काय होणार?" या वाक्याने मला कधी धीर आला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस बहुतेकदा २० ते ४० या वयातच उघड होतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे माझं वय मला वाचवत नव्हतं, उलट त्या रांगेत नेऊन बसवत होतं.

मग रात्री खोलीचं दार लावून माझ्या परीक्षा सुरू व्हायच्या. चवड्यांवर चालायचं, टाचांवर चालायचं. एका पायावर उभं राहून उठाबशा. शर्टाची बटणं एका हाताने. दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजपट्टीने मोजायचा आणि अर्ध्या बोटाचा फरक दिसला की पुन्हा मोजायचा. पायात ताकद आहे की नाही हे दर तासाला विचारलं की पाय थकतो, आणि थकलेला स्नायू जास्त फडफडतो. वर जागरण आणि कॉफी. या दोन्हींनीही फडफड वाढते, हे मला नंतर कळलं.

पहिल्या डॉक्टरांनी मला हात न लावता "टेन्शन आहे" असं सांगून परत पाठवलं. टेन्शन होतंच, ते मी नाकारत नाही. पण त्या शब्दानंतर पुढे काही विचारायची सोयच उरली नाही, याचा मला अजून राग येतो. काळजीने लक्षणं वाढतात हे खरं असलं तरी तपासल्याशिवाय ते म्हणायचं नसतं.

न्यूरॉलॉजिस्टकडे दादा सोबत आला. तिथल्या डॉक्टर तपासता तपासता बोलत होत्या, आणि मला वाटतं अर्धा उपचार तिथेच झाला. हातोडीने गुडघे, घोटे. कंप पावणारा चिमटा घोट्याच्या हाडावर. तळपायावर टाचेपासून बोटांकडे ओढलेली रेघ: मोठ्या माणसाचा अंगठा वर गेला तर मेंदू किंवा मज्जारज्जूच्या मार्गात बिघाड असू शकतो. बाबिन्स्कीने ही खूण १८९६ मध्ये मांडली आणि आजही ती पाहायला मशीन लागत नाही. माझा अंगठा खाली गेला. मी रडले. दादा काही बोलला नाही, फक्त माझी पर्स धरून उभा राहिला.

मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली आणि थेट करंगळीत करंट गेला. तिथून अल्नर नस जाते. मी टेबलावर कोपर टेकून काम करते, कोपर दुमडून झोपते. नस तिथे दबत होती. ओठांच्या मुंग्यांचं कारण वेगळं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे कॅल्शियमचा तोल बदलतो आणि ओठ, बोटं झिणझिणतात. म्हणजे ते मनाचे खेळ नव्हते, शरीरात खरंच काहीतरी घडत होतं.

बी-१२ ठीक निघालं. नसांच्या तपासणीत कोपरापाशी संदेशांचा वेग कमी सापडला, स्नायूंत सुई घालून केलेली ईएमजी स्वच्छ आली. पोटरी का उडते, याचं मात्र उत्तर नाही. "निरुपद्रवी फडफड आहे, कित्येक निरोगी माणसांत असते," त्या म्हणाल्या. "एएलएसमध्ये मुख्य गोष्ट ताकद जाणं ही असते, आणि तुझी ताकद पूर्ण आहे."

काय दिसलं तर वाट पाहत बसायचं नाही हेही त्यांनी लिहून दिलं. चालताना पाऊल लोंबणं, नकळत चप्पल सुटणं, बटण लावता न येणं, एका डोळ्याची नजर अंधुक होऊन तशीच राहणं, बधिरपणा पायांतून वर चढणं: लवकर दाखवायचं. लघवीवरचा ताबा जाणं, चेहरा अचानक वाकडा होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं: थेट इमर्जन्सीत. त्या कागदाचा फोटो दादाच्याही फोनमध्ये आहे.

फडफड अजून येते. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. ताकद त्या पाहतील. मधल्या काळात ती मी पाहायची नाही, असं आमचं ठरलंय.